दोघांच्या नावाने धरलेला उपवास

सह्याद्रीत पाठीवर सॅक टाकून हिंडलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठेही डोंगर दिसला की त्याला वाटतं, हा आपल्यासाठीच उभा आहे. मला ती खोड होती आणि वर तिचा गर्वही होता. सौदी अरेबियात राबिघला नोकरीला गेलो तेव्हा माझ्या सामानात कुकर नव्हता, पण सॅक होती. कॅम्पातली पोरं खो खो हसली होती. "इथं काय चढणार साहेब? तेलाची टाकी?"

दोन हजारच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. राबिघला समुद्राकाठी मोठं काम चाललं होतं आणि मी वेल्डिंगचा इन्स्पेक्टर होतो. म्हणजे दुसऱ्याने जोडलेल्या पाइपात खोट शोधायची आणि सापडली की लाल खडूने खूण करायची. मनापासून करायचो. दुसऱ्याची खोट शोधायची असली की मला जेवणखाण सुचत नसे.

चाचाच्या जोडांवर मात्र माझा खडू कधी टेकला नाही. चाचा म्हणजे आमच्याकडचा सर्वांत जुना वेल्डर, पन्नाशी उलटलेला, दापोलीकडचा, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतला. पंचवीस वर्षं सौदीत काढलेली, अरबी फाडफाड बोलायचा. मराठी त्याची बाणकोटी वळणाची. इथे मी ती साधी करून लिहितोय, कारण तिची नक्कल करायला गेलो तर माझ्याकडून तिची टिंगल होईल. चार वर्षं रोज संध्याकाळी आम्ही त्याच्या पोर्टाकेबिनबाहेर बसून चहा प्यायचो. त्याला शुगर होती, म्हणून त्याचा चहा बिनसाखरेचा. हे सांगून ठेवतो, कारण मला ते माहीत होतं. पुढे मी 'लक्षात राहिलं नाही' असं म्हणालो, पण त्यात काही अर्थ नाही. रोज समोर बसून पाहत होतो.

त्या वर्षी ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. पाच दिवस सुट्टी. मी ठरवलं, दक्षिणेला असीरच्या डोंगरात जायचं, अबहा गाठायचं आणि तिथून पायी वर. ऐकलं होतं की तिथे ढग असतात, झाडं असतात, माकडंसुद्धा असतात. चाचा म्हणाला, "मलाही ने. पंचवीस वर्षं सौदीत राहिलो, पण सौदी बघितलीच नाही. कॅम्प बघितला." मग मी त्याला माझी जुनी सॅक दिली. कफीलच्या, म्हणजे आमची जबाबदारी घेतलेल्या मालकाच्या, ऑफिसातून शिक्का मारलेलं प्रवासाचं पत्र काढलं, इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, खिशात घातले आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो.

माझ्या सॅकमध्ये स्टीलचा एक डबा होता. त्यावर आईचं नाव कोरलेलं आणि आत बेसनाचे लाडू. सुट्टीवरून परत आलेल्या एकाने घरून आणून दिलेले. चाचाला मी एकही पुढे केला नव्हता. त्याला शुगर आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो.

पहाटे काळोखातच अबह्याला उतरलो. थंडी अशी की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, कारण राबिघमध्ये थंडी हा शब्दच कुणी वापरत नसे. टपरीवर चहा घेतला, चाचाने अजान व्हायच्या आत शुगरची गोळी घेतली. म्हणाला, "आता तासाभरात काहीतरी खायला लागेल बाबा." मी म्हटलं, "वर गेल्यावर बघू." माझं सगळं लक्ष डोंगराकडे. एका टॅक्सीने वरच्या वळणापर्यंत सोडलं आणि आम्ही चालायला लागलो.

काय सांगू! खाली सगळा ढग भरलेला, वर दगडी बांधांची शेतं पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. चाचा बांधावर हात ठेवून उभाच राहिला. "हे आमच्याकडचेच बांध रे," म्हणाला, आणि एकेक दगड हाताने चाचपत राहिला. मी मात्र बोलत होतो. हरिश्चंद्रगड असा, अमुक कडा तसा. चाचा हूं हूं करत होता. दोन तास झाले, खायचं कुणी नाव काढलं नाही. काढायला हवं होतं मी, कारण वेग माझा होता.

तेवढ्यात मागून एक पिकअप आली आणि थांबली. आतून एक म्हातारा उतरला. सत्तरीचा असेल, काटक, डोक्याच्या फडक्यात सब्जाच्या हिरव्या पानांचा तुरा खोचलेला. त्याने आमच्या पाठीवरच्या सॅका पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. चाचाला म्हणाला, गाडी कुठे बंद पडली तुमची? चाचा म्हणाला, गाडी नाहीच, आम्ही मजेने चालतोय. म्हाताऱ्याला ते काही पटेना. मजेने कोण चालतं? त्याने दोन्ही सॅका उचलून मागे टाकल्या, 'यल्ला' म्हणाला आणि दार उघडलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याचं घर कड्याजवळ होतं. दगडी, आणि भिंतींतून पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून चपट्या दगडांच्या ओळी पुढे काढलेल्या. आत बसायच्या खोलीत भिंतीला लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांचे पट्टे. त्याने आम्हाला लोडाला टेकवून बसवलं आणि आत हाक मारली. पाच मिनिटांत एक लाकडी परात आली. गव्हाची जाड भाकरी कुस्करून केलेला काला. म्हातारा मांडी घालून बसला, बाह्या वर केल्या आणि हाताने तो काला मळायला लागला. मध्ये अंगठ्याने दाबून खळगा केला, त्यात तूप ओतलं, मध ओतला. बोटांवरून तूप ओघळत होतं. मग त्याने परात आमच्याकडे सरकवली आणि माझ्या बाजूला स्वतःच्या हाताने एक मऊ घास काढून ठेवला.

मी हात मागे घेतला. खरं सांगतो, भूक होतीच. त्याच्या अंगठ्याचं नख मातीने काळं होतं. शेतकऱ्याचंच नख ते, मळलेलं असणारच. पण माझ्या डोक्यात एकच शब्द आला, जो आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकायला मिळायचा. उष्टं. एका परातीत सगळ्यांचे हात. हॉटेलात कुणाच्याही हातचं खाणारा मी, तिथे आचारी दिसत नाही म्हणून गप्प बसणारा मी, त्या परातीपुढे एकदम सोवळा झालो.

मला मोडकीतोडकी अरबी येत होती. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "सायम." म्हणजे रोजा आहे. आणि चाचा हात पुढे करतोय हे पाहिलं. तो जेवला आणि मी नाही जेवलो तर मी उठून दिसेन, म्हणून घाईघाईने चाचाकडे बोट केलं आणि त्याचंही सांगून टाकलं. आम्ही दोघेही.

चाचाचा हात परातीपासून चार बोटांवर थांबला.

म्हाताऱ्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! आधी अचंबा, मग असा आनंद की त्याने उठून माझं डोकं धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. रमजान संपल्यावर पुढच्या महिन्यात सहा रोजे ठेवायची तिथे रीत असते, हे मला बापड्याला कुठून ठाऊक? म्हाताऱ्याचा स्वतःचाच त्या दिवशी त्यातला रोजा होता. परात त्याने नुसती आमच्यासाठी मळली होती. प्रवासी माणसाला रोजा माफ असतो आणि तरी हे दोघे डोंगर चढत रोजा ठेवतायत! परात आत गेली. आता संध्याकाळी रोजा सुटेपर्यंत तुम्हाला सोडत नाही, बकरा कापतो, असं म्हणून तो लगबगीने बाहेर गेला.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. मी हसायचा प्रयत्न केला. "सुटलो चाचा."

"का बोललास तसं?"

"आज मंगळवार. माझा वार असतो."

"पीठ, तूप, मध. त्यात वार कुठे आडवा आला रे?"

राबिघच्या मेसमध्ये मंगळवारी कोंबडी असली की मी ती चापून खायचो, आणि हे त्याने चार वर्षं पाहिलं होतं. मी विषय बदलला. म्हटलं, "तुम्ही मागच्या दाराने जाऊन काहीतरी खाऊन घ्या. गोळी घेतलीय तुम्ही."

चाचा म्हणाला, "पहाटेपासून पोटात काही गेलं नाही. आता रोजाची नियत केली तरी चालतं. मी केली."

"अहो, पण मी नुसतं तोंडाला आलं ते बोललो!"

"तू बोललास ते खोटं होतं. रोजाच्या नावाने बोललास. आता माझ्यापुरतं ते खरं होऊ दे." आणि तो लोडाला टेकून डोळे मिटून बसला.

मला राग आला. हो, लाज नाही, राग आला. म्हटलं, काय हा हट्ट! माणसाने एवढं अक्षर न् अक्षर कशाला धरायचं? आज कळतं की मला राग एवढ्याचसाठी आला होता, की माझं खोटं आता कुणीतरी उपाशीपोटी वाहत होतं आणि ते मला दिसत होतं.

दुपारच्या नमाजाला म्हातारा बोलवायला आला. मी घाबरलो. पण चाचाने शांतपणे सांगितलं की हा हिंदू आहे, यांच्यातही उपवास असतात. यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हाताऱ्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी त्याने नुसता माझा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याबरोबर उपाशी राहणारा परका माणूस! शेजाऱ्यांना सांगितलं असावं त्याने, कारण दुपारभर कोणी ना कोणी दारातून डोकावून मला सलाम करून जात होतं. मी प्रत्येकाला छातीवर हात ठेवून उत्तर देत होतो. नट कसला, नाटक कंपनीचा मालक शोभलो असतो.

चार वाजता मात्र भूक आवरेना. बाहेर बकऱ्याचं मांस शिजत होतं, त्याचा वास खोलीत भरला होता. म्हातारा आणि चाचा पुन्हा नमाजाला गेले होते. चाचा जाताना भिंतीला हात लावून चालत होता. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हटलं, चढणीने पाय दुखत असतील. मग सॅकमधून डबा काढला, बंडीखाली लपवला आणि घरामागे दोन बांध उतरून एका दगडी भिंतीच्या आडोशाला बसलो.

पहिला लाडू मी दोन घासांत संपवला. आईच्या हातचा, वेलची जास्त पडलेला. दुसरा तोंडात घातला. एवढं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. तिसरा हातात होता तेव्हा अरबीत हाका ऐकू आल्या, अरे मित्रा म्हणून.

"या सदीक! या सदीक!"

म्हातारा धावत बांध उतरत होता. माझ्यासमोर येऊन थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. गाल फुगलेला, ओठांवर बेसन. मला घास गिळताही येईना आणि थुंकताही येईना. त्याने डब्याकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मग तेही गेलं. तो ओरडला, "रफीकक! मरीज!" तुझा सोबती आजारी आहे. आणि माझ्या मांडीवरचा डबा उचलून आल्या वाटेने पळत सुटला. सत्तरीचा माणूस, दिवसभराचा उपाशी. मी तोंडातला घास गिळत त्याच्या मागे.

वरच्या शेताच्या कडेला चाचा बसला होता. बसला कसला, साखर उतरून कलंडला होता. सदरा घामाने ओला, हात थरथरतायत, काहीतरी बोलतोय पण शब्द एकमेकांत मिसळलेले. म्हाताऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लाडू कुस्करला आणि त्याच्या तोंडात घालायला लागला. चाचाने मान फिरवली. रोजा, रोजा, एवढंच कळलं. म्हातारा त्याला आईने पोराला दटावावं तसं दटावत होता. आजाऱ्याला रोजा नाही, खा. आणि त्याच अंगठ्याने, त्याच काळ्या नखाच्या अंगठ्याने, त्याने माझ्या आईचा लाडू चाचाच्या जिभेवर ठेवला.

पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटं मी हात बांधून उभा होतो आणि माझ्या मनात काय होतं सांगू? चाचाला काही झालं तर त्याच्या घरी मी काय सांगणार, हे होतं. चाचा नव्हता मनात, मीच होतो.

हळूहळू त्याचे डोळे निवळले. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "बेसन," म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याही सदऱ्यावर बेसन सांडलेलं होतं. म्हाताऱ्याने बोटांना लागलेले लाडवाचे कण फडक्याला पुसले. स्वतःच्या तोंडाकडे त्याने हात नेला नाही, त्याचा रोजा अजून चालू होता.

सूर्य बुडाला. मोठा थाळा आला, भातावर मांस. शेजारचे तिघेचौघे आले. म्हाताऱ्याने खजूर उचलला आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. रोजा ठेवणाऱ्या पाहुण्याचा मान! त्याने मला पाहिलं होतं. माझा भरलेला गाल पाहिला होता. आणि तरी चार माणसांत त्याने तो खजूर मला दिला, सगळ्यांसमोर, कुणालाही काही कळू न देता. मी खाल्ला. त्यांच्या थाळ्यात हात घातला, सगळ्यांबरोबर जेवलो, मंगळवारी, मांस. चांगलं शिजलं होतं. मान वर करून मात्र एकदाही जेवलो नाही.

अंथरुणावर पडल्यावर चाचा हळू म्हणाला, "चार वर्षं रोज माझ्याकडे बसतोस. माझ्या ताटात कधी जेवलास का रे?"

मी झोपल्याचं सोंग केलं.

सकाळी निघताना म्हाताऱ्याने माझा डबा आणून दिला. घासून लख्ख केलेला, आणि जड. आत बदाम, मनुका आणि खजूर ठासून भरलेले. रिकामा डबा परत करायचा नाही, हे आमच्या आईचं व्रत. त्या कड्यावरच्या माणसाला ते कुणी शिकवलं होतं, देव जाणे. डबा देताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला, सावकाश, दोन वाक्यं. मला कळलं नाही. मी चाचाकडे पाहिलं. चाचा म्हणाला, "सांभाळून जा म्हणतो." आणि पुढे चालायला लागला.

राबिघला परत आल्यावर चाचाने तो मोडलेला रोजा पुन्हा ठेवला, या वेळी गोळीची वेळ बदलून, डॉक्टरला विचारून. मला त्याने सांगितलं नाही, मेसमध्ये त्याची जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं. मी सगळ्यांना फोटो दाखवले. ढग, बांध, रंगीत भिंती. काय आदरातिथ्य, काय माणसं, असं म्हणत वाहवा मिळवली. लाडवाचं कुणाला सांगितलं नाही. घरी आईने फोनवर विचारलं, लाडू पुरले का सगळ्यांना? म्हटलं, हो, पुरले.

वर्षभराने आमचं काम संपलं. चाचाला हफ्र अल बातिनच्या कामावर पाठवलं. मी त्याला बसथांब्यावर सोडायला गेलो आणि वाटेसाठी तोच डबा भरून नेला, चपात्या आणि बटाट्याची भाजी. बसला वेळ होता. चाचाने डबा उघडून बाकावर आमच्या मध्ये ठेवला. "बस. तूही खा."

मी खाल्लं. एका डब्यातून, त्याच्याबरोबर, पाच वर्षांत पहिल्यांदा. मनात म्हटलं, झालं, फिटलं. आणि मग माझंच लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी भाजी माझ्या बाजूने, डब्याच्या कडेकडेने खात होतो आणि मध्ये बोटभर जागा सोडली होती. चाचाही तिकडेच बघत होता.

मी हात थांबवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चाचा, त्या दिवशी तो म्हातारा खरंच काय म्हणाला होता हो?"

चाचाने घास संपवला, पाणी प्यायला.

"म्हणाला, याला सांग, माझ्या घरी कुणी लपून खात नाही. भूक लागली होती तर मला सांगायचंस, मी वेगळ्या ताटात वाढलं असतं."

बस आली होती. चाचाने मधली ती बोटभर भाजी चपातीने निपटून खाल्ली, डबा नळावर धुतला आणि माझ्या हातात दिला. मग खिशात हात घालून चार खजूर काढले, डब्यात टाकले आणि झाकण लावलं.